हाडांत उतरलेला आजार आणि सकाळची फेरी

मानपाडा या नावाच्या दोन वस्त्या ठाणे जिल्ह्यात आहेत. एक घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, चितळसरला लागून. दुसरी डोंबिवलीच्या पूर्वेस, कल्याण-शीळ रस्त्यावर. पहाटे अवजड वाहनांची रीघ लागण्यापूर्वी या दोन्ही ठिकाणी निवृत्त गृहस्थांचे जे घोळके फेरी मारताना दिसतात, त्यांच्या संभाषणात पेन्शनची थकबाकी, साखरेचे आकडे, मोतीबिंदू, गुडघ्याची वाटी, इतकेच काय पण सुनेचा स्वभाव, यांपैकी कोणताही विषय वर्ज्य नसतो. वर्ज्य असतो तो प्रोस्टेटचा कर्करोग. बायपासची हकीकत चारचौघांत रंगवून सांगणारा माणूस या दुखण्याचे कागद मात्र कपाटातल्या खालच्या कप्प्यात, विम्याच्या पॉलिसीखाली ठेवतो, कारण हे दुखणे मूत्रमार्गाशी आणि पौरुषाशी निगडित असून आपल्याकडील सभ्यतेच्या शिरस्त्यात या दोहोंचा उच्चार बसत नाही.

पुरःस्थ ग्रंथी, म्हणजेच प्रोस्टेट, ही मूत्राशयाच्या खाली असलेली, तरुणपणी मोठ्या सुपारीएवढी असणारी ग्रंथी होय. तिच्यात उद्भवणारा कर्करोग बहुधा मंदगती असतो. परंतु तो ग्रंथीची हद्द ओलांडून कण्याच्या मणक्यांत, कटीच्या हाडांत, बरगड्यांत उतरला, की त्यास प्रगत अवस्था म्हणतात, आणि मग समूळ उच्चाटनाची भाषा मागे पडून त्यास वर्षानुवर्षे काबूत कसे ठेवावे याची तजवीज सुरू होते. ज्या १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालयाची दारे उघडली, त्याच साली शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी असे दाखवून दिले की हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो आणि त्याची रसद तोडली की तो ओसरू लागतो; १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वृषण काढून टाकण्याची लहानशी शस्त्रक्रिया किंवा ठरावीक मुदतीने घ्यावयाची हार्मोनची सुई, हे आजच्या उपचारांचे अधिष्ठान त्याच शोधाचे अपत्य आहे.

पण ज्या संप्रेरकावर रोग पोसतो, त्यावरच स्नायू आणि हाडेही पोसलेली असतात. म्हणून सुईचा अंमल सुरू झाला, की दंड-मांड्या सैल पडतात, पोट सुटते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, ऐन पौषातही अंगातून वाफा निघाल्यासारखे होऊन सदरा भिजतो, आणि झोपूनही न जाणारा एक थकवा अंगात मुक्काम ठोकतो. घरची माणसे मायेपोटी म्हणतात, "तुम्ही नुसते पडून राहा, बाकीचे आम्ही पाहतो." ही माया रुग्णाला महागात पडते, कारण पडून राहिल्याने स्नायूंचा ऱ्हास वाढतो, ऱ्हासाने थकवा वाढतो, आणि थकव्याने पुन्हा पडून राहणे आले.

हे चक्र उलटे फिरवता येते, याचा दाखला कॅनडातील १५५ रुग्णांच्या अभ्यासाने २००३ साली दिला. संप्रेरक दाबणारे उपचार चालू असलेल्या या पुरुषांपैकी ज्यांनी १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली वजनांचा व्यायाम केला, त्यांचा थकवा इतरांच्या मानाने कमी झाला. पुढे ऑस्ट्रेलियात पर्थ येथील संशोधकांनी ज्यांच्या हाडांत रोग उतरला होता अशाच ५७ जणांना हाताशी धरले, आणि त्यांपैकी सुमारे निम्म्यांना दुखऱ्या हाडावर भार येणार नाही अशा बेताने व्यायाम आखून दिला; तेव्हा व्यायाम करणाऱ्यांची हालचाल सुधारली आणि दुखणे वाढले नाही. व्यायामाने हा कर्करोग बरा होतो, असा याचा अर्थ कोणी काढू नये. परंतु न्हाणीघरातून आधाराशिवाय बाहेर येता येणे, नातवंडाला शाळेच्या बसपर्यंत पोचवता येणे, ही मिळकत क्षुल्लक मानण्याइतके आपण श्रीमंत नाही.

प्रत्यक्षात करावयाचे काय, तर फार थोडे, पण नेमाने. घट्ट पायांची, भिंतीला टेकवलेली लाकडी खुर्ची घ्यावी. हात छातीशी ठेवून तीवरून सावकाश उठावे आणि त्याहून सावकाश बसावे. बसताना धपकन अंग टाकण्याचा मोह होतो. तो टाळण्यातच मांडीचा खरा व्यायाम आहे. पाण्याने भरलेली लिटरची बाटली साधारण एक किलो भरते, तेव्हा डंबेल विकत आणण्याचे कारण नाही. चालण्याचा वेग असा असावा की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. पावसाळ्यात घोडबंदर रस्त्याची जी दैना होते ती पाहता, इमारतीच्या व्हरांड्यात किंवा वाहनतळात फेऱ्या घालणेच शहाणपणाचे.

एका बाबतीत मात्र आपल्या परंपरेला आवर घालावा लागतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा जो प्रसार केला, त्यामुळे आपल्या मागच्या पिढ्यांत व्यायाम म्हणजे नमस्कार हे समीकरण पक्के बसले. पण मणक्यांत गाठी असलेल्या माणसाने खोल वाकणे, वाकून पिळा देणे किंवा गॅसची टाकी उचलणे हे हाड मोडण्याला निमंत्रण होय. हाडांच्या स्कॅनचा अहवाल डॉक्टरांपुढे आणि फिजिओथेरपिस्टपुढे ठेवून, कोणते हाड कमकुवत आहे हे विचारून घेतल्यावरच व्यायामाला आरंभ करावा. पाठीत नवेच तीव्र दुखू लागले, पायांतील शक्ती गेली, मुंग्या आल्या, लघवी अडली, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. अशा वेळी पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता राहिली हे सारे ज्यांच्याशी बोलता येईल अशा सोबतीची गोष्ट, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. लपवण्याचा हा रोग केवळ मानपाड्याचा नव्हे. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मितराँ यांना १९८१ साली, अधिकारग्रहणानंतर थोड्याच महिन्यांत, हाडांत पसरलेला हाच कर्करोग असल्याचे निदान झाले, आणि ते त्यांनी १९९२ पर्यंत सबंध राष्ट्रापासून दडवून ठेवले. उलट सहा ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवलेले स्कॉटिश सायकलपटू ख्रिस हॉय यांनी २०२४ साली आपला रोग चौथ्या अवस्थेत असल्याचे जाहीर केले आणि पुढल्याच वर्षी ग्लासगोत अशा अवस्थेतील रुग्णांना सोबत घेऊन सायकलफेरी काढली. डेन्मार्कमधील प्रयोग मला त्याहून मार्मिक वाटतो: कोपनहेगनच्या संशोधकांनी प्रोस्टेटच्या रुग्णांचे चक्क फुटबॉलचे संघ केले. खेळाच्या निमित्ताने जमलेल्या पुरुषांना आजाराची सभा भरवल्याचा संकोच राहिला नाही, आणि बोलणे आपसूक झाले. समोरासमोर बसवून "मन मोकळे करा" असे फर्मावल्यावर जो गृहस्थ गप्प होतो, तोच शेजारून चालताना, नजर रस्त्यावर असताना, दोन वाक्ये बोलून जातो.

आपल्याकडे अशी सोबत अनेकदा योगायोगाने लाभते. डोंबिवली-ठाण्याहून परळला जाणारे कर्करुग्ण लोकलच्या अपंगांसाठी राखीव डब्यात बसतात, मांडीवरची जाड फाइल ओळखीच्या चिठ्ठीचे काम करते, आणि "अहो, तुम्हालाही रात्री वाफा येतात का?" या प्रश्नाने जो दिलासा मिळतो तो "हिंमत धरा" म्हणणाऱ्या दहा नातेवाइकांकडून मिळत नाही. हेच काम हेतुपूर्वक करणाऱ्या संस्थाही आहेत. कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ साली मुंबईत व्ही केअर सुरू केली. तिचे स्वयंसेवक, ज्यांत स्वतः हा रोग भोगलेले लोक आहेत, रुग्णांना भेटतात. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने समदुःखी माणसांच्या आधारगटांची कल्पना या शहराच्या चांगली परिचयाची केली आहे.

तेव्हा ज्येष्ठ नागरिक संघांनी महिन्यातून एक सकाळ यासाठी राखून ठेवण्यास काय हरकत आहे? सूचनाफलकावर 'प्रोस्टेट' हा शब्द लिहिण्याचाही संकोच वाटत असेल तर नुसते 'फेरी' लिहावे. चार माणसे आली तरी पुरे, डॉ. मदन कटारिया यांचा पहिला हास्यक्लब १९९५ साली अंधेरीत सुरू झाला तेव्हा माणसे पाचच होती. दंडक दोनच असावेत: एकाचा पीएसए या रक्तचाचणीचा आकडा दुसऱ्याला लावू नये, कारण ज्याच्या-त्याच्या रोगाची जात निराळी, आणि कोणी कोणाला काढा, भस्म किंवा औषध सुचवू नये. फेरी संपल्यावर चहाला पत्नींनाही बोलवावे. वाफांनी भिजलेल्या चादरी बदलणे, सुईच्या तारखा सांभाळणे, नवऱ्याची चिडचीड गिळणे हे सारे त्यांच्याच वाट्याला आलेले असते, आणि त्यांनाही विचारावयाचे असे बरेच काही असते, जे त्या नवऱ्यासमोर विचारणार नाहीत. म्हणून त्यांचे टेबल थोड्या अंतरावर मांडावे.