एका कोशाची कोर्टकचेरी

आमच्या होस्टेलवर एक फाइल प्रसिद्ध आहे. कुण्या सिनियरने कधीतरी लिहिलेल्या मॅथ्सच्या नोट्स. मूळ वही कुठे आहे देव जाणे, पण गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तिची कॉपी कायम असते आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती वडापावपेक्षा जास्त खपते. परवा मेसमध्ये यावरून वाद झाला. या नोट्स नक्की कुणाच्या? शिकवलं सरांनी, लिहिलं सिनियरने, गणितं पुस्तकातली आणि पैसे मात्र झेरॉक्सवाल्याला! पोळ्या संपल्या तसा वादही संपला. पण मला एका वेबसाइटची आठवण झाली. साधारण हाच वाद तिच्यामुळे थेट न्यूयॉर्कच्या कोर्टात पोचला होता.

लायब्ररियनचा छंद

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात स्टीव्ह व्हँडर आर्क नावाचे गृहस्थ एका शाळेची लायब्ररी सांभाळायचे. १९९९ मध्ये त्यांनी हॅरी पॉटरच्या पुस्तकांतल्या नोंदी काढायला सुरुवात केली आणि २००० मध्ये ‘हॅरी पॉटर लेक्सिकन’ ही वेबसाइट सुरू केली. लेक्सिकन म्हणजे कोश. पुस्तकातली माणसं, मंत्र, प्राणी, जागा, जादूच्या वस्तू, सगळं एबीसीडीप्रमाणे लावलेलं. नोंदीपुढे ती माहिती कुठल्या पुस्तकाच्या कितव्या प्रकरणात आहे तेही दिलेलं. वाचायला फुकट. मदतीला काही हौशी मंडळी होती.

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? पुस्तक वाचायचं आणि उतरवायचं! तसं नाही. एक उदाहरण देते. पुस्तकात हॅरीचं जन्मसाल कुठे सरळ दिलेलं नाही. मग काढायचं कसं? दुसऱ्या भागात एका भुताचा ५०० वा ‘मृत्युदिन’ साजरा होतो आणि तिथल्या केकवर तो ३१ ऑक्टोबर १४९२ ला मेल्याचं लिहिलेलं असतं. म्हणजे गोष्ट चालली आहे १९९२ मध्ये. त्याच जुलैत हॅरीला बारा वर्षं पूर्ण झाली. म्हणून जन्म १९८०. झालं! एका केकवरून अख्ख्या मालिकेचं कॅलेंडर मांडता येतं. पुढे सातव्या भागात हॅरीच्या आईवडिलांच्या थडग्यावर १९८१ साल आलं आणि हिशोब बरोबर निघाला.

अर्थात सगळंच जुळत नाही. पहिलं पुस्तक एका मंगळवारी सुरू होतं. या हिशोबाने ती तारीख येते १ नोव्हेंबर १९८१, आणि त्या दिवशी होता रविवार! लेखिकेने कॅलेंडर उघडून पाहिलं नसावं. पण फॅन्सनी पाहिलं.

कौतुकाचे दिवस

लेखिका जे. के. रोलिंग यांनाही हा कोश आवडायचा. २००४ मध्ये त्यांनी आपल्या वेबसाइटवरून त्याला फॅन साइटचा पुरस्कार दिला. बाहेर लिहायला बसलं असताना एखादी गोष्ट तपासायची झाली, तर दुकानातून स्वतःचंच पुस्तक विकत घेण्यापेक्षा आपण इंटरनेट कॅफेत शिरून हा कोश बघतो, असंही त्यांनी तिथे सांगितलं. सिनेमे काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्सने २००६ मध्ये व्हँडर आर्क यांना विमानाने पाचव्या सिनेमाच्या सेटवर नेलं. तुमची साइट आम्ही जवळजवळ रोज वापरतो, असं निर्मात्याने तिथे सांगितलं, अशी साक्ष व्हँडर आर्क यांनी पुढे कोर्टात दिली.

पण वॉर्नरचा दुसरा चेहराही फॅन्सना माहीत होता. २००० च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनमधल्या एका १५ वर्षांच्या मुलीला कंपनीने पत्र पाठवलं होतं, की तुझ्या वेबसाइटचं नाव आमच्या हवाली कर. त्यावर जगभरच्या पोरांनी एवढा गोंधळ घातला की कंपनीला माघार घ्यावी लागली. तेव्हापासून एक न लिहिलेला करार झाल्यासारखं झालं. तुम्ही प्रेमाने करा, आम्ही डोळेझाक करतो.

साइटचं पुस्तक होतं

जुलै २००७ मध्ये सातवा आणि शेवटचा भाग आला. लगेच मिशिगनच्याच आरडीआर बुक्स या छोट्या प्रकाशकाने व्हँडर आर्क यांना गाठलं. म्हणाले, तुमच्या साइटचं पुस्तक काढू या. व्हँडर आर्क यांना आधीपासून धाकधूक होती. म्हणून त्यांनी करारात एक कलमच घालून घेतलं, की खटला झालाच तर प्रकाशकाने निस्तरायचा.

आणि खटला झालाच. वॉर्नरने आधी पुस्तक थांबवायला सांगितलं, मग हस्तलिखिताची प्रत मागितली. प्रकाशकाचं उत्तर काय, तर वेबसाइटची प्रिंट काढून घ्या, जमत नसेल तर तुमच्यातल्याच कुणाला तरी विचारा! त्याच सुमारास हे प्रकाशक वॉर्नरकडे वेगळाच हक्कही मागत होते. वर सांगितलेलं ते कॅलेंडर वॉर्नरने सिनेमाच्या डीव्हीडीवर वापरलं होतं, त्याचं श्रेय आणि पैसे. म्हणजे दोन्ही बाजू एकमेकांना ‘तुम्ही आमचं घेतलंत’ म्हणत होत्या. ३१ ऑक्टोबर २००७ ला रोलिंग आणि वॉर्नर यांनी दावा लावला.

एप्रिल २००८ मध्ये न्यूयॉर्कला सुनावणी झाली. रोलिंग स्वतः साक्षीला आल्या. ही माझ्या सतरा वर्षांच्या कष्टांची चोरी आहे, असं त्यांचं म्हणणं. स्वतः कोश लिहून त्याचे पैसे धर्मादाय कामाला द्यायचा त्यांचा बेत होता. व्हँडर आर्क साक्षीच्या पिंजऱ्यात बसले आणि पॉटर-फॅन्समधल्या आपल्या जागेविषयी प्रश्न आला तेव्हा त्यांना रडू आलं. मला या सगळ्या प्रकरणात हेच लक्षात राहिलं. ज्या पुस्तकांसाठी माणसाने आठ-नऊ वर्षं घातली, त्यांच्याच लेखिकेसमोर तो आरोपीसारखा बसला होता.

जज्जसाहेबांनी शब्द मोजले

८ सप्टेंबर २००८ ला न्यायाधीश रॉबर्ट पॅटरसन यांचा निकाल आला. व्हँडर आर्क हरले, एवढंच सगळ्यांना माहीत असतं. पण निकालाचे दोन भाग आहेत.

पहिला भाग त्यांच्या बाजूचा. कादंबरी आपण गोष्टीसाठी वाचतो, कोश माहिती शोधायला उघडतो. दोघांचा उपयोग वेगळा. त्यामुळे आपल्या कादंबऱ्यांवर दुसऱ्या कुणी कोश लिहायचाच नाही, असा हक्क लेखकाला नाही. कोश आहे म्हणून कादंबऱ्या खपायच्या थांबतील, हेही न्यायाधीशांना पटलं नाही.

दुसरा भाग विरुद्ध. २४०० हून जास्त नोंदींच्या त्या हस्तलिखितात ठिकठिकाणी रोलिंग यांचीच वाक्यं होती. कधी जशीच्या तशी, कधी दोन शब्द इकडचे तिकडे करून, अवतरणचिन्हांशिवाय. शिवाय रोलिंग यांनी २००१ मध्ये धर्मादाय मदतीसाठी दोन छोटी पुस्तकं लिहिली होती, जादूचे प्राणी आणि क्विडिच यांच्यावर. ती मुळातच माहितीवजा असल्याने त्यातला मजकूर कोशात आला की ती कोण विकत घेणार? म्हणून पुस्तकावर बंदी. भरपाई किती? सात कादंबऱ्या आणि ही दोन मिळून नऊ पुस्तकं, प्रत्येकी कायद्यातली कमीत कमी रक्कम ७५० डॉलर. एकूण ६,७५० डॉलर.

बरेच जण म्हणतात, पैसे कमवायला गेले आणि फसले. ते अर्धंच खरं आहे. पैशाचा मुद्दा होता, पण गाडी अडली ती उतरवलेल्या वाक्यांवर. याचा पुरावा पुढे मिळाला. प्रकाशकाने अपील मागे घेतलं, व्हँडर आर्क यांनी उसने शब्द कमी करून स्वतःचं विवेचन वाढवलं आणि जानेवारी २००९ मध्ये तेच पुस्तक नव्या रूपात बाजारात आलं. यावेळी कुणी अडवलं नाही. वेबसाइटवर तर दावा नव्हताच, ती चालूच राहिली.

असाच एक दावा त्याच ऑक्टोबर २००७ मध्ये आपल्याकडेही झाला होता. कोलकात्याच्या एका दुर्गापूजा मंडळाने मंडप हॉगवर्ट्सच्या किल्ल्यासारखा उभारला, म्हणून! दिल्ली हायकोर्टाने तो देखावा उत्सव संपेपर्यंत राहू दिला.

आता आपल्या फाइलकडे

तर त्या मेसमधल्या वादाचं माझं उत्तर असं. केकवरची तारीख रोलिंग यांची, पण तिच्यावरून मांडलेला हिशोब मांडणाऱ्याचा. तसंच सिनियरने स्वतः जुळवलेला क्रम, स्वतःच्या भाषेत लिहिलेली पायरी, ‘इथे हमखास चुकतं’ असा मार्जिनमधला बाण, हे सगळं तिचं. पुस्तकातून उचललेला पॅराग्राफ मात्र कितीही सुवाच्य अक्षरात लिहिला तरी पुस्तकवाल्याचाच. आणि सबमिशनच्या आदल्या रात्री आपण शेजारच्या रूममधून जी जर्नल आणतो, त्यात आपलं काय असतं? फक्त नाव आणि रोल नंबर!

पुढच्या वेळी त्या नोट्सची झेरॉक्स काढाल तेव्हा निदान पहिलं पान तरी सोडू नका. त्यावर कोपऱ्यात, पुसट झालेलं, त्या सिनियरचं नाव आहे.