ऱ्हस्वाची एक मात्रा

इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांसाठी सूत्रांच्या पुस्तिका आता रोमन लिपीतही छापल्या जातात. परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांची त्यामुळे मोठी सोय झाली आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या सोयीची किंमत नेमकी कोठे मोजावी लागते, हे मूल मोठ्याने वाचू लागले की कानावर येते. साध्या रोमन लिपीत ‘अ’ आणि ‘आ’ या दोहोंसाठी बहुधा ‘ए’ हे एकच अक्षर योजलेले असते. मूळ उच्चार ज्याने ऐकलेला नाही, ते मूल ‘अरिहंताणं’ हा शब्द ‘आरीहंतानम’ असा वाचते. त्यात ‘ण’चा ‘न’ होतो तो वेगळाच. पण आरंभीचे ‘अ’ आणि ‘रि’ हे दोन ऱ्हस्व स्वर दीर्घ होऊन बसतात.

‘उवसग्गहरं’ या स्तोत्रनामाचे उदाहरण याहून बोलके आहे. या नावात सहा अक्षरे आहेत आणि सहाही अक्षरांतील स्वर ऱ्हस्व आहेत. एकही काना नाही, एकही दुसरी वेलांटी नाही. रोमन लिपीतून तोच शब्द ‘उवासाग्गाहारम’ असा ऐकू येतो, तेव्हा सहापैकी चार स्वर ताणले गेलेले असतात.

उच्चाराच्या या सूक्ष्मतेला आपल्या परंपरेने किती महत्त्व दिले, ते सर्वांच्या परिचयाचे आहे. प्रतिक्रमणात ज्ञानाच्या ज्या चौदा अतिचारांची आलोचना केली जाते, त्यांत अक्षर कमी उच्चारणे, अधिक उच्चारणे, पद गाळणे आणि घोष चुकवणे यांचा स्पष्ट समावेश आहे. दिगंबर परंपरेत षट्खंडागमाच्या निर्मितीची कथा सांगितली जाते, तिचाही गाभा हाच आहे. गिरनारच्या चंद्रगुफेत राहणाऱ्या धरसेनाचार्यांकडे दक्षिणेतून दोन तरुण मुनी आले. तेच पुढे पुष्पदंत आणि भूतबली म्हणून ओळखले गेले. आचार्यांनी परीक्षेसाठी दोघांना एकेक विद्या साधण्यास दिली. एकीत एक अक्षर अधिक होते, दुसरीत एक उणे. साधनेअंती ज्या देवता प्रकटल्या, त्यांपैकी एकीचे दात पुढे आलेले होते आणि दुसरी एकाक्ष होती. देवता विरूप असू शकत नाहीत, तेव्हा दोष मंत्रातच असला पाहिजे, हे दोघांनी ओळखले. त्यांनी मंत्र शुद्ध करून पुन्हा साधना केली आणि देवता आपल्या मूळ रूपात दिसल्या. त्यानंतरच आचार्यांनी त्यांना श्रुताचे दान दिले. परीक्षा पाठांतराची नव्हती. चुकलेले ओळखता येते की नाही, याची होती.

व्यापारी घराण्यांना स्वरांच्या हेळसांडीचा आणखी एक अनुभव आहे, आणि तो पेढीवरचा आहे. महाजनी लिपीत काना, मात्रा, वेलांटी बहुधा गाळूनच लिहीत. हात भरभर चाले, वही लवकर पुरी होई. मोडीतही इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळला जात नसे. आकडा चोख असला म्हणजे झाले, स्वरांचे काय एवढे, असा तो व्यवहार. पण ‘काकाजी अजमेर गये’ असे मुनिमाने कळवले, वाचणाऱ्याने ते ‘काकाजी आज मर गये’ असे वाचले आणि वाड्यात रडारड सुरू झाली, हा विनोदही त्याच पेढ्यांवर जन्मला. वाचणारा जाणता असे, संदर्भ त्याला ठाऊक असे, म्हणून ती लिपी शतकानुशतके चालली. पाच-सहा वर्षांच्या मुलाजवळ असा संदर्भ नसतो. त्याच्यापुढे असते ते केवळ अक्षर.

मग त्याला ऱ्हस्व स्वर शिकवावा कसा? घरोघरी आणि शाळाशाळांतून जी रीत रूढ आहे, ती मुळातच डोळ्यांची आहे. ‘पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, पहिला उकार, दुसरा उकार’ असे सांगून आपण मुलाला चिन्हाचे वळण शिकवतो, ध्वनी शिकवत नाही. बाराखडी म्हणतानाही तेच घडते. ‘क का कि की कु कू’ ही ओळ ठेक्यात म्हटली की ‘कि’ आणि ‘की’ दोन्ही सारख्याच लांबीचे होतात, कारण ठेका प्रत्येक अक्षराला सारखाच वेळ देतो. त्यात भर म्हणजे मोठी माणसे मुलाला नीट कळावे म्हणून ऱ्हस्व अक्षर सावकाश उच्चारतात. सावकाश उच्चारलेला ऱ्हस्व स्वर ऱ्हस्व राहतच नाही! (ज्या शब्दाने ही संकल्पना सांगायची, तो ‘ऱ्हस्व’ हा शब्दच बालवाचकाला सर्वांत अवघड पडावा, हाही एक गमतीचा भाग.)

शास्त्रकारांनी या प्रश्नाचे उत्तर कालमापनात शोधले. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी पाटण येथे, सिद्धराज जयसिंहाच्या प्रेरणेने 12 व्या शतकात जे व्याकरण रचले, त्याच्या प्रारंभीच एक मात्रेचा तो ऱ्हस्व, दोन मात्रांचा तो दीर्घ आणि तीन मात्रांचा तो प्लुत, अशी व्याख्या आहे. पाणिनीने हाच भेद ‘उ’काराच्या तीन लांबींवरून सांगितला आणि तो समजावण्यासाठी कोंबड्याच्या आरवण्याचा दाखला देण्याची प्रथा पडली. शिक्षाग्रंथांनी तर पक्षीच वाटून दिले: चाष पक्ष्याचा स्वर एका मात्रेचा, कावळ्याचा दोन मात्रांचा आणि मोराचा तीन मात्रांचा. लहान मुलाला यापेक्षा चांगला पहिला धडा मिळणे कठीण आहे. कोंबड्याची बांग त्याला काढून दाखवावी, त्यालाही काढू द्यावी आणि तिचा आखूड भाग कोणता व लांब कोणता, हे त्यालाच विचारावे. पाटी-पेन्सिल त्या दिवशी बाजूला असावी.

यानंतर शब्द घ्यावेत, तेही कानाला फरक जाणवेल असेच. येथे मराठी पालकांनी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मराठी लेखनात शब्दाच्या अखेरचा इकार-उकार दीर्घ लिहितात. म्हणून संस्कृतातील ‘मुनि’ आणि ‘साधु’ मराठीत स्वतंत्रपणे येताना ‘मुनी’ आणि ‘साधू’ होतात, आणि ‘मुनिश्री’ या समासात मात्र ‘नि’ पुन्हा ऱ्हस्व होतो. हा लेखनाचा नियम आहे. तो वरच्या इयत्तेत सांगावा. प्रारंभ करावा तो ‘फूल–फुले’, ‘मूल–मुले’, ‘गरीब–गरिबी’ अशा जोड्यांनी, जेथे बोलतानाच स्वर आखूड होताना ऐकू येतो. मग अर्थ बदलणाऱ्या जोड्या: ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब, ‘सुत’ म्हणजे पुत्र, ‘सूत’ म्हणजे धागा. कापडाचा व्यापार करणाऱ्या घरात ही शेवटची जोडी मुलाला निराळी समजावून सांगावी लागत नाही.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो ‘अ’. त्याला स्वतंत्र चिन्हच नाही. तो व्यंजनात दडलेला असतो. मराठी बोलताना शब्दाच्या अखेरचा ‘अ’ आपण गाळतो, ‘जिन’ हा शब्द ‘जिन्’ असा उच्चारतो. संभाषणात ते योग्यच आहे. परंतु स्तोत्रात तोच ‘अ’ गाळला की चरणातील एक मात्रा कमी होते आणि चाल अडखळते. मूल कोठे अडखळते, हे पालकांनी लक्षपूर्वक ऐकले तर पुष्कळदा तेथे असा एखादा हरवलेला ‘अ’ सापडतो.

गाथा शिकवताना चुटकी आणि टाळी ही साधने पुरेशी आहेत. एका मात्रेला चुटकी वाजवावी. दोन मात्रांना टाळी, आणि टाळीनंतर हात क्षणभर मिटलेले ठेवावेत. ‘उवसग्गहरं’ या नावावरच हा प्रयोग करून पाहावा. चुटकी, चुटकी, टाळी. चुटकी, चुटकी, टाळी. सहा अक्षरांच्या आठ मात्रा होतात आणि गाथेच्या पहिल्या चरणाला लागणाऱ्या 12 मात्रांपैकी दोन-तृतीयांश हिशेब तेथेच पुरा होतो. चौथीतील मुले उरलेल्या मात्रा आपण होऊन मोजू लागतात; हिशेबाची हौस रक्तातच असते म्हणा.

येथे एक शंका हुशार मूल विचारतेच. सर्व स्वर ऱ्हस्व आहेत, तर ‘स’ला आणि ‘रं’ला टाळी का? उत्तर असे की स्वर ऱ्हस्व असूनही पुढे जोडाक्षर आले किंवा डोक्यावर अनुस्वार असला, तर ते अक्षर गुरू मानले जाते. ‘सिद्ध’ शब्दातील ‘सि’ दोन मात्रांचा भरतो, पण तो ‘सी’ होत नाही. वेळ ‘द्’वर थांबण्यात जातो, ‘इ’ ताणण्यात नव्हे. प्राकृत भाषेने तर जोडाक्षरापूर्वीचा दीर्घ स्वर पुष्कळ ठिकाणी ऱ्हस्वच करून टाकला. संस्कृत ‘तीर्थ’ प्राकृतात ‘तित्थ’ झाले, म्हणून ‘तीर्थंकर’ म्हणणाऱ्या आपल्या जिभेला ‘तित्थयर’ म्हणताना आवरावे लागते. ही एक गोष्ट समजली की सूत्रांतील कितीतरी शब्द मुलाला आपोआप शुद्ध म्हणता येतात.

भक्तामर स्तोत्राकडे वळण्याची वेळ यानंतरची. वसंततिलका वृत्ताच्या प्रत्येक चरणात 14 अक्षरे असतात. त्यांत 7 लघू आणि 7 गुरू. पाचवे, सहावे आणि सातवे अशी तीन लघू अक्षरे ओळीने येतात आणि बहुतेक मुले तेथेच घाई करतात किंवा मधले अक्षर ताणतात. तेवढाच तुकडा वेगळा काढून तीन चुटक्यांवर पाच-सात वेळा म्हणवून घ्यावा. दुरुस्ती मात्र सरावाच्या वेळीच करावी. मूल सामायिकात बसून सूत्र म्हणत असताना त्याला मध्ये थांबवू नये. चुकलेले अक्षर मनात ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी कोंबड्याच्या बांगेपासून पुन्हा सुरुवात करावी. घरात रोमन पुस्तिकाच असेल, तर आजी-आजोबांनी पेन्सिल घेऊन तिच्यातील प्रत्येक दीर्घ ‘ए’वर एक आडवी रेघ ओढून द्यावी. एका सूत्राला दहा मिनिटे लागतात.