गॅसचा वास पलीकडच्या खोलीत का आला नाही?

गेल्या हिवाळ्यात आम्ही भोकरदन तालुक्यातील राजूरला नातलगांकडे मुक्कामी होतो. थंडीमुळे दारे-खिडक्या बंद. पहाटे चहाला उठलेल्या आजी शेगडीपाशी वाकल्या तेव्हा त्यांना गॅसचा उग्र वास आला. उंदराने नळी कुरतडली होती. आजींनी काडी न ओढता आधी दार सताड उघडले, म्हणून आज हे लिहायला आम्ही आहोत! पलीकडच्या खोलीत आम्हाला मात्र कशाचा पत्ताच नव्हता.

घरातली बारावीची मुलगी म्हणाली, “काका, पुस्तकात तर लिहिलंय, हवेचे रेणू सेकंदाला चारशे-साडेचारशे मीटर पळतात. मग वास दहा फुटांवर का नाही आला?”

आम्ही निरुत्तर झालो. पुढे वाचन केले तेव्हा कळले की, डच हवामानशास्त्रज्ञ बॉइस बॅलट यांनीही हीच हरकत घेतली होती. रेणू एवढे वेगवान, तर खोलीतला तंबाखूचा धूर थराथराने तरंगत का राहतो? १८५८ साली जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लॉसियस यांनी त्याचे उत्तर दिले. रेणू पळतो खरा, पण त्याला मोकळी वाट मिळत नाही. दोन टकरींमधल्या त्या सरासरी वाटेला ‘माध्य मुक्त पथ’ म्हणतात.

ही वाट किती लांब? आपल्या नेहमीच्या हवेत मिलिमीटरचा सुमारे पंधरा हजारावा भाग! एका सेकंदात एका रेणूच्या सुमारे सातशे कोटी टकरी होतात आणि प्रत्येक टकरीला दिशा बदलते. राजूरला अंगारकीच्या गर्दीत सापडलेल्या माणसासारखी गत. पाय थांबत नाहीत, पण धक्क्याने कधी पुढे, कधी मागे. दिशा अशी बदलत राहिली तर शंभर पावले टाकूनही माणूस मूळ जागेपासून सरासरी दहा पावलांवरच असतो, असे गणित सांगते. त्या हिशेबाने हवेचा रेणू सेकंदाला जेमतेम अर्धा सेंटिमीटर सरकतो, तासाभरात फूटभर. फोडणीचा वास घरभर पसरतो तो रेणूंच्या धावण्याने नव्हे, वाऱ्याच्या झुळुकीने.

टकरी उपयोगीही पडतात, बरे का! तुर्भ्याला ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झालेल्या ‘अप्सरा’ अणुभट्टीचा गाभा पाण्याच्या हौदात होता. वेगवान न्यूट्रॉन पाण्यातल्या हायड्रोजनवर सुमारे वीस वेळा आपटला की मंदावतो आणि असाच मंद न्यूट्रॉन युरेनियम सहज फोडतो.

पण आमचे लक्ष स्वयंपाकघराकडेच आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेहून दीड ते दोन पट जड असतो. कोंदट खोलीत तो जमिनीलगत साचतो आणि झुळूक नसेल तर हलत नाही. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. तेही याच गर्दीत अडकते. तेव्हा भगिनींनो, वास मंद आहे म्हणून गळती थोडी, असे समजू नका. काडी ओढू नका, दिव्याचे बटण लावूही नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, मुलाबाळांना बाहेर काढा आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा.

राजूरच्या त्या घरात आता नवी नळी बसली आहे. थंडी कितीही असो, आजी रात्री स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडी ठेवतात.