दोन रुपयांचे धनी



लागण, खोडवा, खतांचे हप्ते यांवर आपण नेहमीच बोलतो. आज सिनेमाची गोष्ट सांगतो. पण तीही सहकाराचीच आहे.

१९७६ साली श्याम बेनेगल यांचा 'मंथन' आला. आपण कारखान्याचा शेअर घेतो, तसे गुजरातेतल्या ५ लाख दूध उत्पादकांनी माणशी २ रुपये घातले आणि १० लाखांचं भांडवल उभं केलं. कथा त्यांचीच. खाजगी डेअरीवाला दुधाला भाव देईना, म्हणून गावात सोसायटी निघते. मग सरपंचाचा ताठा, जातीपातीचा घोळ, अध्यक्षपदाची निवडणूक. गिरीश कर्नाड, नसीरुद्दीन शाह आणि आपली स्मिता पाटील यांची कामं बघण्यासारखी आहेत.

सिनेमा लागला तेव्हा शेतकरी ट्रक भरभरून 'आपला' सिनेमा बघायला गेले. पडद्यावर म्हैस आपली, भांडण आपलं अन् पैसाही आपलाच! २०२४ साली त्याची दुरुस्त केलेली प्रत फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवली गेली आणि आपल्याकडच्या थिएटरांतही तो पुन्हा लागला.

मोबाईलवर सिनेमा दिसतो खरा, पण शेजारचा हसला की आपल्यालाही जादा हसू येतं, ती मजा तिथं नाही. तेव्हा तोडणी उरकली, खोडव्याला पाणी दिलं, की एक दिवस मोकळा काढा. नुसत्या गडीमाणसांनी जाऊ नका. घरच्या बायामाणसांना, म्हाताऱ्यांना बरोबर न्या. येताना गाडीत सिनेमावर खुशाल वाद घाला. त्यातलं चार शब्द वार्षिक सभेत उठून बोललात, तर तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणायचे.