विदर्भातील अवकाश-अवशेष घटना (२०२२)

२ एप्रिल २०२२ रोजी सायंकाळी पावणेआठच्या सुमारास अकोला, बुलढाणा, जळगाव व नागपूर या जिल्ह्यांत, तसेच मध्य प्रदेशातील बडवानी आणि झाबुआ येथे आकाशातून जळत जाणाऱ्या प्रकाशमान वस्तूंचा समूह दिसला. त्यानंतर चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे अवशेष सापडले. ही घटना चिनी रॉकेटच्या एका टप्प्याच्या वातावरणातील पुनःप्रवेशामुळे घडली, असे मानले जाते.

== घटना ==
त्या दिवशी गुढीपाडवा होता. प्रकाशरेषा अनेकांनी भ्रमणध्वनीवर चित्रित केल्या. उल्कावर्षाव, कोसळणारे विमान, क्षेपणास्त्र असे निरनिराळे तर्क तत्काळ पसरले. त्याच रात्री सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे ३ मीटर व्यासाचे व ४० किलो वजनाचे धातूचे कडे पडलेले आढळले. जवळच्या पवनपार परिसरात धातूचा गोळा मिळाला. कोणीही जखमी झाले नाही. सापडलेल्या वस्तू पोलिसांनी ताब्यात घेतल्या व पुढे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांची पाहणी केली.

== ओळख ==
उल्का साधारणतः सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि बहुधा काही क्षणांत विझते. कक्षेतून उतरणाऱ्या कृत्रिम वस्तूचा वेग सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर असतो. त्यामुळे ती आकाशात अधिक काळ दिसते आणि तिचे तुकडे जवळजवळ समांतर रेषांत पुढे सरकतात. विदर्भातील चित्रफितींत हीच लक्षणे होती.

प्रारंभी काही अभ्यासकांनी या प्रकाशाचा संबंध न्यूझीलंडमधून त्याच दिवशी सोडलेल्या इलेक्ट्रॉन रॉकेटशी जोडला होता. तथापि त्या रॉकेटचा पहिला टप्पा कक्षेत पोहोचत नाही. तो प्रशांत महासागरात उतरतो, त्यामुळे तो भारतावर येणे शक्य नव्हते. अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅक्डॉवेल यांनी हा पुनःप्रवेश फेब्रुवारी २०२१ मध्ये उड्डाण केलेल्या ‘लाँग मार्च ३बी’ (क्रमांक वाय७७) रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा असल्याचे मत मांडले. हा टप्पा त्याच तासाच्या सुमारास उतरणे अपेक्षित होते आणि त्याचा मार्गही जुळत होता.

स्थानिक पुरावाही याच्याशी सुसंगत आहे. बडवानी, बुलढाणा, अकोला आणि सिंदेवाही ही ठिकाणे पश्चिमेकडून पूर्वेकडे, किंचित दक्षिणेस झुकणाऱ्या पट्ट्यात येतात. या रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यास ३ मीटर असून लाडबोरीच्या कड्याचा व्यासही तेवढाच आहे. रॉकेटमध्ये दाबाखालील वायूसाठी गोलाकार टाक्या वापरतात. त्या मजबूत असल्याने पुनःप्रवेशात अनेकदा पूर्ण जळत नाहीत.

== अधिकृत माहितीची मर्यादा ==
या रॉकेटने ‘टीजेएस-६’ हा उपग्रह नेला होता. त्याचा उद्देश चीनने संप्रेषण तंत्रज्ञानाची चाचणी एवढाच सांगितला. स्वतंत्र अभ्यासक या मालिकेतील काही उपग्रहांचा संबंध लष्करी कामाशी जोडतात. अशा मोहिमांविषयी प्रक्षेपक देश त्रोटक माहिती देतात. म्हणून वस्तूची ओळख तीन प्रकारच्या नोंदींवरून पटवावी लागते : उड्डाणाची तारीख, अन्य देशांनी प्रसिद्ध केलेल्या कक्षांच्या सूची, आणि अवशेषांचे स्थळ, वेळ व मापे नोंदवणारा पंचनामा.

नोंदींचे हे महत्त्व लष्करी निरीक्षणांतही दिसून येते. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाख सीमेवरील भारतीय सैन्याने अनोळखी प्रकाशमान वस्तू ३२९ वेळा पाहिल्याचे नोंदवले होते. त्या चिनी टेहळणी ड्रोन असल्याचा संशय होता. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी वेळ व दिशा यांच्या आधारे त्या वस्तू गुरू आणि शुक्र हे ग्रह असल्याचे दाखवून दिले.

== कायदेशीर बाजू ==
१९७२ च्या आंतरराष्ट्रीय उत्तरदायित्व करारानुसार अवकाशातील वस्तूमुळे भूपृष्ठावर हानी झाल्यास प्रक्षेपक देश तिला पूर्णतः जबाबदार असतो. त्यासाठी निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. मात्र वस्तू कोणत्या देशाची, हे ठरल्यावाचून दावा उभा राहत नाही. १९६८ च्या बचाव करारानुसार अवशेष सापडलेल्या देशाने प्रक्षेपक देशास व संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवावयाचे असते. भारत व चीन हे दोन्ही देश या करारांचे पक्षकार आहेत. लाडबोरीत हानी न झाल्याने भरपाईचा प्रश्न उद्भवला नाही. वस्तीवर असेच कडे कोसळले असते, तर कक्षांच्या सूची आणि गावातील पंचनामा हेच दाव्याचे प्रमुख आधार ठरले असते.