स्मृतिपदके व टोकनांचा संग्रह

स्मृतिपदके व टोकनांचा संग्रह हा नाणकशास्त्राशी निगडित असलेला छंद व अभ्यासविषय आहे. एखादी घटना, व्यक्ती किंवा संस्था यांच्या स्मरणार्थ पाडलेल्या धातूच्या चकतीस स्मृतिपदक म्हणतात. टोकन म्हणजे मर्यादित ठिकाणी किंवा विशिष्ट कामासाठी वापरली जाणारी चकती अथवा बिल्ला. ही दोन्ही चलन नसल्यामुळे नाण्यांहून वेगळी ठरतात.

ऐतिहासिक पदके

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले. त्या विजयाप्रीत्यर्थ ईस्ट इंडिया कंपनीने दिलेल्या पदकावर वाघाला नमविणारा सिंह कोरलेला आहे. वाघ हे टिपू सुलतानाचे, तर सिंह हे ब्रिटिशांचे प्रतीक होय. हुद्द्यानुसार सोने, चांदी, कांसे व कथील अशा निरनिराळ्या धातूंत हे पदक काढण्यात आले.

महाराष्ट्राच्या इतिहासाच्या दृष्टीने १८५१ साली मंजूर झालेले 'आर्मी ऑफ इंडिया' पदक विशेष महत्त्वाचे आहे. त्याच्या फितीवरील पट्ट्यांवर लढायांची नावे असून त्यांत असई, गाविलगड, खडकी, सीताबर्डी व कोरेगाव यांचा समावेश होतो. १८०३ पासूनच्या या लढायांचे पदक इतक्या उशिरा मंजूर झाल्याने ते मुख्यतः तोवर हयात असलेल्या सैनिकांनाच मिळाले. म्हणूनच ते दुर्मीळ आहे. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबाराच्या पदकावर पुढील बाजूस राजा-राणीच्या प्रतिमा व मागील बाजूस फार्सी मजकूर आहे.

टोकन

देवस्थानांशी संबंधित 'रामटंका' हा टोकनांचा प्रसिद्ध प्रकार होय. त्यावर रामदरबार अंकित असतो. पूजेत ठेवण्यासाठी किंवा भेट म्हणून त्याचा उपयोग होई. कारखान्यांत हजेरीसाठी व अवजारांच्या नोंदीसाठी वापरले जाणारे पितळी बिल्लेही संग्राहक जमवितात. त्यांवरील नाव व क्रमांक हा कामगारजीवनाचा पुरावा ठरतो.

स्मारक नाणी

स्मारक नाणे हे कायदेशीर चलन असल्याने ते पदकाहून भिन्न आहे. स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे १९६४ साली पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ निघाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९० साली एक रुपयाचे व छत्रपती शिवाजी महाराजांवर १९९९ साली दोन रुपयांचे नाणे काढण्यात आले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी देशातील पहिली प्रवासी गाडी धावली. भारतीय रेल्वेच्या दीडशे वर्षांचे नाणे २००३ सालचे आहे. मुंबई टांकसाळीच्या अलीकडील नाण्यांवर सालाखाली हिरकणीच्या आकाराची खूण आढळते.

जतन

ठाणे, शीळफाटा, डोंबिवली या परिसरातील दमट हवेत तांबे व पितळ लवकर काळवंडते. वस्तू कोरड्या डब्यात आर्द्रताशोषक पुडीसह ठेवावी आणि केवळ कडेने धरावी. मऊ पीव्हीसी पाकिटांमुळे धातूवर हिरवट चिकट थर येतो. देवघरातील भांड्यांप्रमाणे चिंच किंवा राखेने घासल्यास मूळ झळाळी व बारीक कोरीव काम नष्ट होते. हे नुकसान भरून निघत नाही.

बनावट वस्तू व फसवणूक

ओतीव नकलेवर सूक्ष्म खड्डे व कडेवर सांध्याची रेघ दिसू शकते. वजनातही फरक पडतो. लष्करी पदकाच्या कडेवरील नाव खोडून नवे कोरल्याचे प्रकारही आढळतात. '१८१८' साल व कंपनीचे नाव असलेल्या, राम किंवा हनुमानाची प्रतिमा असलेल्या चकत्या लाखो रुपयांच्या म्हणून विकल्या जातात. वस्तुतः कंपनीने असे नाणे कधीही काढले नाही. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपल्या नावाने शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा भारतीय रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता.

कायदा

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी व तत्सम वस्तू खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाहीत. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा गुप्त ठेवा सापडल्यास १८७८ च्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. वस्तू कोठे व कशासह सापडली, ही माहिती हरवल्यास तिचे ऐतिहासिक मूल्य घटते. त्यामुळे प्रत्येक वस्तूची नोंद ठेवणे हा या संग्रहाचा पाया मानला जातो.