अर्धी हजेरी

मराठीत एखाद्याला लाचार म्हणायचे असले की आपण त्याला गांडूळ म्हणतो. कणा नाही, वळवावे तिकडे वळतो, या अर्थाने. मीही म्हटलेले आहे, तेही कवितेत, आणि त्या कवितेला कविसंमेलनात टाळ्याही मिळाल्या होत्या. पुढे प्रत्यक्ष गांडुळांशी संबंध आला आणि दुसऱ्या संग्रहात ती कविता घ्यायला मन धजेना.

आमच्या भागात गांडुळाला दानवे म्हणतात. कुठे काडू म्हणतात, कुठे शिदोड, कुठे वाळे. आमच्या घरी अम्मी केचवे म्हणायची. लहानपणी मला त्यांची किळस होती. आजोबांची कबर खोदताना ओल्या मातीतून दोन-तीन केचवे वर आले, तेव्हा मी रडत मागे सरलो. खोदणाऱ्या चाचांनी मात्र ते फावड्याच्या टोकावर अलगद घेतले आणि बाजूला बाभळीच्या सावलीत सोडले. ते असे का वागले, हे कळायला मला पस्तीस वर्षे लागली.

आमची संस्था शेतमजुरांची आहे. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात एकतीस कुटुंबे मिळून सामाईक जमीन कसतात, त्यातली निम्मी माळाची. याच जिल्ह्यात म्हैसाळला मधुकर देवल यांनी दलित कुटुंबांची संयुक्त सहकारी शेती उभी करून दाखवली होती. ती पाहून आमच्या वडीलधाऱ्यांनी धीर केला. 'बारभाईची शेती, काय लागेल हाती' असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. व्यवस्था साधी आहे. जो काम करील त्याची हजेरी लागते, हजेरीप्रमाणे रोज मिळतो. वर्षाअखेर नफा झालाच तर कायद्याप्रमाणे त्यातला चौथा हिस्सा राखीव निधीला टाकायचा आणि मग उरले तर वाटायचे. उरते क्वचितच. माझे वडील सभासद होते. मी बीए झालो, नोकरी काही लागली नाही, म्हणून संस्थेची वही माझ्याकडे आली. ती अजून माझ्याकडेच आहे.

गांडूळखताचे ठरले २००९ साली. रासायनिक खताची उधारी वाढत चालली होती आणि माळाची जमीन पाणी धरीत नव्हती. पहिल्याच महिन्यात आम्ही एक हसण्यासारखी चूक केली. विकतची गांडुळे कशाला आणायची, म्हणून पोरांना कामाला लावले आणि ओढ्याकाठची ओली जमीन खणून पाटीभर दानवी गोळा केली. शेणाच्या वाफ्यात सोडली. दुसऱ्या दिवशी वाफा रिकामा! काही मेली होती, बाकीची निघून गेली होती.

कारण असे की सगळी गांडुळे एका जातकुळीची नसतात. जमिनीत खोल राहणारी गांडुळे माती खातात, बिळे करतात, पाणी आणि हवा खाली नेतात. तो त्यांचा संसार. त्यांना शेणाच्या ढिगात कोंडून चालत नाही. खतासाठी लागतात ती पृष्ठभागावर, पालापाचोळ्यात राहणारी तांबूस जात. आपल्याकडे आयसेनिया फेटिडा आणि मूळची आफ्रिकेतली युड्रिलस युजेनी या दोन जाती जास्त वापरल्या जातात. एक किलोत साधारण हजारभर पूर्ण वाढलेली गांडुळे बसतात. आम्ही पाच किलो आणली, बसमधून, ओल्या गोणपाटात गुंडाळून. कंडक्टरने विचारले तेव्हा मी 'रोपं आहेत' असे सांगितले. ते खोटे होते.

वाफा करणे अवघड नाही. छपराची सावली हवी, वारा खेळता हवा. दहा फूट लांब, तीन फूट रुंद, दीड-दोन फूट उंच. रुंदी तीन फुटांहून जास्त नको, नाहीतर मधल्या भागापर्यंत हात पोचत नाही. तळाला नारळाच्या शेंड्या किंवा उसाचे पाचट, त्यावर अर्धवट कुजलेले शेण आणि काडीकचरा यांचे थर, वर ओले गोणपाट. यातला 'अर्धवट कुजलेले' हा शब्द महत्त्वाचा. ताजे शेण कुजताना तापते, त्यात हात घातला तर चटका बसतो. त्या उष्णतेत गांडूळ टिकत नाही. म्हणून शेण आधी पंधरा-वीस दिवस बाहेर ठेवून, पाणी मारून थंड करून घ्यावे लागते. कोंबडीखत, लिंबाच्या साली, कांद्याचा कचरा, मीठमसाल्याचे उष्टे, यातले काही घालायचे नाही. हाडे-मांसही नाही. आमच्या घरातल्या ईदच्या दिवसाच्या कचऱ्याला त्या शेडमध्ये मज्जाव आहे आणि तो मी बिनतक्रार पाळतो.

गांडुळाला फुप्फुस नसते. ते कातडीने श्वास घेते आणि त्यासाठी कातडी ओली लागते. वाफा सुकला की गांडूळ गुदमरते. पाणी जास्त झाले की शेणातली हवा संपते, तरीही गुदमरते. मधली वाट फार अरुंद आहे. मूठभर खत घेऊन दाबले तर बोटांतून एखाददुसरा थेंब यावा, धार येऊ नये. उष्णता पस्तीस अंशांच्या वर गेली की धोका, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. शिवाय मुंग्या, उंदीर, बेडूक, कोंबड्या हे सगळे गांडुळाचे गिऱ्हाईक. शेडच्या खांबांभोवती पाण्याची चर ठेवली की मुंग्या अडतात. पण ती चर भरलेली आहे की नाही हे कुणीतरी पाहायला हवे.

माझी खरी चूक इथे झाली. वाफ्याचे काम मी एका मावशींना दिले. विधवा बाई, स्वतः सभासद. काम काय, तर सकाळी पाणी शिंपडायचे, दुपारी गोणपाट ओले करायचे, संध्याकाळी पुन्हा शिंपडायचे, चर भरायची, दोन-चार दिवसांनी वरचा थर हलक्या हाताने सैल करायचा. दर खेपेला वीस मिनिटे, फार तर अर्धा तास. मी हिशेब केला, सगळे मिळून अडीच तास भरतात. हजेरीपटात मी त्यांच्या नावापुढे अर्धी हजेरी लावू लागलो. हिशेबात काही खोट नव्हती. पण सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत त्या बाईला शेत सोडून कुठे जाता येत नव्हते, हे माझ्या हिशेबात नव्हते.

वर्षभर त्या काही बोलल्या नाहीत. २०१० च्या नोव्हेंबरात तासगावकडच्या द्राक्षबागांत विरळणीची कामे निघाली. तिथे पूर्ण रोज मिळत होता. मावशी गेल्या. जाताना म्हणाल्या, "भाई, तुमच्या वहीत मी अर्धंच माणूस हाय. पोट मात्र पुरं हाय."

त्यांच्यामागे आम्ही पाळ्या लावल्या. आज याने पाणी मारायचे, उद्या त्याने. पहिला आठवडा बरा गेला. मग एकाला वाटले दुसऱ्याने मारले असेल, दुसऱ्याला वाटले तिसऱ्याने. चर सुकली. एका सकाळी मी गोणपाट उचलले तर खाली लाल मुंग्यांची रांग लागलेली. दोन वाफ्यांत एकही गांडूळ उरले नव्हते, दोन कसेबसे वाचले. बारभाईच्या शेतीची म्हण मला त्या दिवशी पहिल्यांदा पटली.

मावशींना परत बोलवायला मीच गेलो. त्यांनी एकच विचारले. "बापय माणूस रातीला लाईट आली की मोटार चालू करतो आन् बांधावर घोंगडं टाकून पडतो, त्याची पुरी हजेरी कशी लावता?" माझ्याकडे उत्तर नव्हते. रात्रीच्या पाण्याला पूर्ण हजेरी लावायची पद्धत वडिलांच्या काळापासूनची होती आणि ती योग्यच होती. माणूस अडकून पडतो, म्हणून ती होती. मग तोच नियम वाफ्याला का नाही? सभेत दीड तास भांडण झाले, आणि वाफा राखणाऱ्याला पूर्ण हजेरी असा ठराव चार मतांनी मंजूर झाला. विरोधात पडलेली सगळी मते पुरुषांची होती असे मी म्हणणार नाही. दोन बायाही होत्या.

खरी कसोटी २०१३ च्या उन्हाळ्यात लागली. त्या वर्षीचा दुष्काळ आमच्या पट्ट्याने जन्मभर लक्षात ठेवावा असा. बैल आणि गाई छावणीत, त्यामुळे शेणही तिकडेच. गावात टँकर. आमच्या विहिरीत तळाला जे साठे त्याची घागरींनी वाटणी होई. एप्रिलच्या बैठकीत तात्यांनी विषय काढला: माणसांना पाणी नाही आणि किड्यांना आठ घागरी? तात्यांची नात टँकरच्या रांगेत उभी राहून शाळा बुडवत होती. त्यांचे म्हणणे चूक होते असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही.

मावशी दयेची भाषा बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "चार वाफं मोडते. सगळी दानवी एकात घालते, कडुनिंबाखाली. दोन घागरी द्या. त्यातली एक माझ्या वाटणीची." दोन घागरींवर ठरले. मी इतिवृत्तात तसे लिहिले. एक घागर त्यांच्या वाटणीची, हेही लिहिले. तेव्हा लिहिताना लाज वाटली नाही, नंतर वाटली. तो उन्हाळाभर त्या तांदूळ-भाजी धुतलेले पाणीही घरोघरून गोळा करीत होत्या. साबणाचे नको, असे बजावून.

जून सरता सरता पाऊस आला. गांडूळ एकाच देहात नर आणि मादी असते, तरी जोडीशिवाय अंडी होत नाहीत. अंडी एका पिवळसर, मोहरीहून थोड्या मोठ्या कोषात असतात. सुमारे तीन आठवड्यांत पिले बाहेर पडतात आणि दोनेक महिन्यांत ती स्वतः वीण घालण्याजोगी होतात. त्यामुळे दिवाळीपर्यंत चारही वाफे पुन्हा भरले. आसपासच्या पुष्कळांचे वाफे उन्हाळ्यात मेले होते. ते आमच्याकडे बियाण्याची गांडुळे न्यायला आले. त्या वर्षी संस्थेला ज्वारीपेक्षा गांडुळांनी जास्त रोकड दिली.

एवढे ऐकून कुणी उत्साहाने गावभर शेड घालायला निघू नये. गांडूळखत म्हणजे युरियाला पर्याय, असे जे सांगितले जाते ते वजनकाट्यावर टिकत नाही. टनभर गांडूळखतात नत्र असते साधारण पंधरा किलो. युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या एका गोणीत वीस किलोच्या वर असते. शेण-काडीकचऱ्याचे वजन घटून जेमतेम निम्मे खत हाती येते. आणि विकायचे म्हटले तर २००६ पासून गांडूळखतही खत नियंत्रण आदेशाखाली आले आहे. ओलावा, नत्र, जड धातू यांची प्रमाणे ठरलेली आहेत. आम्ही विकतो ती गांडुळे, खत स्वतःच्या रानाला घालतो. भाजीपाल्याच्या रोपांना आणि माळाच्या तुकड्याला. तिथली माती आता मुठीत धरली की ढेकूळ होत नाही, रवाळ सुटते, आणि पावसानंतर दोन-तीन दिवस जास्त ओल धरते. मोजमाप म्हणून माझ्याकडे एवढेच आहे.

खत तयार झाल्याची खूण म्हणजे चहापत्तीसारखा काळपट रवा आणि पहिल्या पावसासारखा वास. मग चार-पाच दिवस पाणी तोडायचे, वाफा उपसून उजेडात शंकूसारखा ढीग करायचा. गांडुळाला डोळे नाहीत, पण उजेड कळतो. ती तळाशी जातात, वरचे खत चाळून घ्यायचे. चार्ल्स डार्विनने १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, गांडुळांवर एक आख्खे पुस्तक लिहिले. त्यांना ऐकू येते का हे पाहण्यासाठी त्याने घरच्यांकडून त्यांच्यासमोर पियानो वाजवून घेतला. गांडुळे ढिम्म हलली नाहीत. पण त्यांचे कुंडे पियानोवरच ठेवले, तेव्हा एका सुराच्या कंपाने ती बिळात पळाली. हे मी मावशींना सांगितले तर त्या म्हणाल्या, "म्हणून तर मी वाफ्याजवळ पाय आपटत न्हाई."

मावशी आता सत्तरीच्या पुढे आहेत. वाफे त्यांची सून बघते. पूर्ण हजेरीवर. यंदाच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर तिने एक विषय दिला आहे: सुगीत सगळ्यांचा स्वयंपाक करणाऱ्या दोघींची हजेरी आजवर अर्धी लागते, त्याचा विचार व्हावा. पाचवा विषय आहे. तात्यांनी आतापासूनच विरोध कळवला आहे, आणि मी मागच्या चाळीस वर्षांचे हजेरीपट कपाटातून काढून ठेवले आहेत.